खड्डा नंबर चार

नवीन गाड्यांचं सगळं डोक्यावर असतं.
बॅटरी टपावर, वायरिंग टपावर,
म्हणून त्यांनी शिडी आणली, हेल्मेट आणलं, कमरेचा पट्टा,
आणि म्हणाले, मयेकर, आता वर चढा.

एकोणतीस वर्षं मी खाली उभा होतो.
वडाळा डेपो, खड्डा नंबर चार,
गाडीएवढा लांब, माझ्या खांद्याएवढा खोल,
वर गाडीचं पोट.
आभाळ म्हटलं की मला अजून तेच आठवतं :
काळं, गरम, थेंबथेंब गळणारं.

त्या पोटाला मी कान लावायचो.
आधी बेअरिंग बोलायचं, मग टॅपेट.
सातशे बारा थंडीत धापा टाकायची,
नऊशे चाळीस शीवच्या पुलावर कण्हायची.
ड्रायव्हरनं दुखणं सांगेपर्यंत माझा पाना हातात.
धुराचा हिशेब मात्र कधी ठेवला नाही.
माणूस श्वास सोडतो, गाडी धूर सोडते,
एवढंच माझं शास्त्र.
डॉक्टरनं एक्स-रे दिव्यासमोर धरून विचारलं, विड्या किती?
म्हटलं, एकही नाही. डेपोत आहे.
त्यानं पुढे काही विचारलं नाही.

नवीन गाडी आली तेव्हा नारळ हातात धरून सगळे गेटकडे बघत होते,
आणि ती मागे येऊन उभी,
कॅन्टीनच्या मांजरासारखी.
हात ठेवला तर थंड.
हिला मी काय विचारू, कुठे दुखतं?

सादिया हसली.
चार्जिंगवर असते, गोवंडीची, बाविशीची असेल.
काचेवर बोट फिरवते आणि गाडीच सांगते,
अमुक सेलला दोन अंश ताप.
"काका, ऐकावं लागत नाही, ती लिहून देते."
तिच्या गल्लीमागचा कचऱ्याचा डोंगर पेटला
की महिनाभर सगळं घर खोकतं.
"हिच्या मागे उभं राहता येतं," म्हणाली.
डेपोभर लावलेल्या पोस्टरांत
हे वाक्य कुठेच नव्हतं.

मी विचारलं, पगार?
ठेकेदार देतो.
फंड?
अकरा महिन्यांचा करार असतो काका,
बाराव्या महिन्यात आम्ही नसतो.
गाडी असते.

आणि ही वीज?
तिनं शेडच्या पत्र्यावरची निळी तावदानं दाखवली,
थोडी तिथून.
मग ट्रॉम्बेच्या धुरांड्याकडे बोट केलं
आणि काही बोलली नाही.

खड्ड्याचं सांगायचं राहिलं.
गेली चार-पाच वर्षं त्यात पाणी येतं.
पाऊस नसताना. भर मार्चात, पुनवेच्या आगेमागे,
फरशीच्या सांध्यांतून, घाम फुटावा तसं.
पाइपवाले आले, खणून गेले, पाइप धड होता.
मी बोट बुडवून चाखलं.
खारट.
देवगडला आमच्या शेजारच्या विहिरीचं असंच झालं
तेव्हा बायकांनी कळश्या उपड्या घातल्या होत्या.
साहेबांना सांगितलं, खाडी आत आलीय.
साहेब म्हणाले, खड्डा बुजवायचाच आहे.

काल बुजवला.
काँक्रीटचा मिक्सर आला, डिझेलचा.
त्याचा एक इंजेक्टर गेला होता, गेटवरूनच ओळखलं.
ड्रायव्हरला सांगायला गेलो
तर त्यानं कानातली वायर काढून विचारलं, काय?
जाऊ दे म्हटलं.
काँक्रीट पडत होतं
आणि तळाचं पाणी कडेकडेनं वर सरकत होतं,
कुणी उठून जागा करून द्यावी तसं.

सादियानं शिडी धरली. मी चढलो.
टपावरून डेपो पहिल्यांदाच अख्खा दिसला.
पलीकडे तिवरांची हिरवी रेघ,
आणि रेघेच्या अलीकडे,
आपल्या कुंपणाच्या आत,
काहीतरी चमकत होतं, सपाट, हळूहळू.
खालून सादिया विचारत होती,
काका, काय दिसतंय?

मी पट्ट्याचं बक्कल पुन्हा एकदा ओढून पाहिलं.